एका लिटरची रेघ

हिंगोलीत मार्च लागला की मला शिंका सुरू होतात. डॉक्टरांचं म्हणणं, ही धुळीची ॲलर्जी आहे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण मला ठाऊक आहे, ही हळद आहे. मोंढ्याकडून वारा सुटला की रस्ता पिवळसर दिसतो, गाडीची सीट पुसली की फडकं पिवळं होतं, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं गायब होतात, कारण घरी हळद काढायला आलेली असते. हजेरी घेताना मला त्यांचा रागही येतो आणि हेवाही वाटतो.

माझ्याकडे माझी भाची राहते, रूपाली. थोरल्या भावाची मुलगी, इथल्याच कॉलेजात शिकते. परवा मला सलग सात-आठ शिंका आल्या तेव्हा तिनं कपाटातून गोळ्या काढल्या, पाकीट उलटं केलं, खिडकीपाशी नेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "आत्या, ह्या मागच्या महिन्यातच बाद झाल्या." गोळ्या केराच्या डब्यात गेल्या आणि मला मुकाट्यानं वाफ घ्यावी लागली. डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकले, नाक सुटलं, आणि पहिला वास आला तो हळद शिजल्याचा. पातेल्यात तर नुसतं पाणी होतं.

तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. ओल्या मातीचा, आल्याचा आणि चुलाणात जळणाऱ्या तुराट्यांचा मिळून एक वास असतो तो. आमचं गाव पुसेगावच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. माझ्या लहानपणी फेब्रुवारी सरता सरता वावरांत चुलाणं पेटायची, त्यावर माणूस बसेल एवढ्या कढया चढायच्या, आणि दिवसभर वाफेचे लोट उठत राहायचे. शिजलेली हळद उन्हात पसरली की रान सोन्याचं दिसतं असं लोक लिहितात. मला आठवतात ते पाय. माणसांच्या टाचा, कुत्र्यांचे पंजे, कोंबड्यांची नखं, सगळं पिवळं. भाकरी थापली तरी पिवळी बोटं उमटायची. कोणी लेकराचा गालगुच्चा घेतला तर पुढचे दोन दिवस त्याच्या गालावर पुरावा राहायचा.

आणि याच दिवसांत लेकरांना हगवण लागायची. विहिरींनी तळ गाठलेला, माश्या घोंगावणाऱ्या, बायाबापड्या दिवसभर वावरात, आणि लेकरं झोळीत नाहीतर म्हाताऱ्यांच्या भरवशावर. हळदीच्या हंगामात लेकरं जातात, असं आमच्याकडे मोठी माणसं अगदी साध्या आवाजात बोलायची, उन्हाळ्यात आंबे येतात म्हणावं तसं. माझ्या मायची दोन गेली होती. दादा नि माझ्यात दहा वर्षांचं अंतर आहे, ते या दोघांमुळे. घरात त्यांचा उल्लेख 'तुह्या आधीचे दोन' एवढाच व्हायचा. त्यांना नावं असतील, हे मला कधी सुचलंही नव्हतं.

मग दादाचं लग्न झालं आणि रंजना वहिनी घरात आली. सेनगावकडची. नववी झालेली, दहावीचा फॉर्म भरला आणि तेवढ्यात लग्न ठरलं. तिला एक खोड होती, समोर दिसेल ते वाचायची. बियाण्याची पिशवी, खताची गोणी, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. तिकिटाच्या मागच्या बाजूला काही छापलेलं असतं हे मला तिच्यामुळे कळलं. दादा चिडवायचा, "हिला काहीच न्हाई भेटलं तर माह्या कपाळावरचं वाचंल." मायला मात्र हे लक्षण काही बरं वाटायचं नाही. "वाचून भाकर फुगती का?" असं ती मला विचारायची, वहिनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

वहिनी हसून सोडून द्यायची. आरोग्य उपकेंद्रात लेकराला डोस द्यायला गेली, की बाकीच्या बाया ज्या भिंतीला टेकून बसायच्या त्या भिंतीवरचे तक्ते ही उभी राहून वाचायची. एकदा तिनं नर्सबाईकडून मीठ-साखरेच्या त्या पावडरीची दोन पाकिटं मागून आणली. "घरी कोणी आजारी आहे का?" नर्सबाईंनी विचारलं. "न्हाई. असू द्या घरी," वहिनी म्हणाली. पाकिटं आरशामागे खोचली गेली. मायनं ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. आजारपणाचं सामान आधीच आणून ठेवायचं म्हणजे आजारपणाला आवतण देणं झालं. दोन दिवस ती आरशासमोर उभी राहिली नाही.

मी तेव्हा सातवीत होते. रूपाली अकरा महिन्यांची होती.

त्या दिवशी सकाळपासून तिला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दादा आणि बाबा पहाटेच कढईवर गेलेले. कढई एकदा पेटली की सोडून येता येत नाही. दुपारपर्यंत पोरीचे डोळे आत गेले. ती रडायची, पण डोळ्यांतून पाणी येईना. मायनं तिच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाली, "टाळू खाली बसली." मग तिनं टाळूवर तेल घातलं आणि वहिनीला बजावलं, "आता हिचं पाणी तोड. दूध बी देऊ नको."

वहिनीनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. भिंतीवरच्या तक्त्यात असंच चित्र होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या क्षणी ती मायला एवढंच बोलली, "आत्याबाई, पाणी तोडायचं न्हाई. पाणीच द्यायचं."

"वतलं का बाहेर येऊन राहिलं. मंग काहून वतायचं?"

आज विचार केला तर मायचं म्हणणं अडाणीपणाचं वाटत नाही मला. फुटक्या रांजणात पाणी ओतत राहायचं नसतं, हे कोणीही सांगेल. तिच्या सासूनं तिला तेच सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. सगळ्या जणी लेकरांवर जीव टाकणाऱ्या होत्या.

"पोरगा येऊ दे वावरातून, मंग बघू," माय म्हणाली.

"तवर लेकरू थांबंल का?" वहिनी म्हणाली, आणि लंगोट बदलता बदलता मला म्हणाली, "सुमाबाई, आरशामागचं पाकीट घ्या आन् पाण्यात कालवा." बारा वर्षांच्या नणंदेलाही ती अहोजाहो करायची.

माझा भाव तेव्हा वर्गात फार वधारलेला होता. मी पहिली यायचे. मी रुबाबात पाकीट फाडलं, पितळी पेल्यात ओतलं, वर पाणी घातलं आणि चमच्यानं ढवळलं. आमच्याकडे औषध दाट असलं की गुण लवकर येतो, असा सगळ्यांचा पक्का समज. काढा असो की चूर्ण, पातळ केलं म्हणजे कंजुषी केली. वहिनीनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"हे तर लोणच्याचा खार झाला! पाजलं असतं तर लेकरू हातचं गेलं असतं." पेला तिनं अंगणात रिकामा केला. मग शांतपणे म्हणाली, "दुसऱ्या पाकिटावर काय लिवलंय, वाचा."

मी खडा आवाज काढून वाचलं, वर्गात धडा वाचतात तसं. एक लिटर पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे.

"एक लिटर म्हंजे आपल्या घरात किती?"

लिटर-मिलिलिटरच्या गणितांत मला दहापैकी दहा होते. किती मिलिलिटरचा एक लिटर, किती बाटल्यांत किती शरबत, सगळं तोंडपाठ. पण आमच्या घरात पेला होता, तांब्या होता, घागर होती, ज्वारी मोजायला पायली होती. लिटर कुठेच नव्हता. मी कधी शोधलाही नव्हता. तेव्हाची माझी शरम मला अजून आठवते, कान तापले होते.

पाकीट एकच उरलं होतं. वहिनीनं रूपालीला छातीशी लावून दूध पाजायला घेतलं आणि मला हलीमाबीकडे पिटाळलं. हलीमाबी गल्लीच्या टोकाला राहायची, तिच्या तीन म्हशी होत्या आणि दूध घालायला लिटरचं ॲल्युमिनियमचं माप होतं. मी धापा टाकत सांगितलं. तिनं माप धुऊन दिलं. "ले जाव बेटी. मगर शाम के दूध के पहले वापस होना."

वहिनीनं आमच्या घरातला दूध तापवायचा गंज घेतला. सरळ उभ्या काठाचं, स्टीलचं, चांगलं तोलदार भांडं. मायच्या धाकट्या भावानं दिलेलं, त्यावर 'ताईस भेट' असं कोरलेलं. मायला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण त्यांच्यावरून बोट फिरवून ती अंधारातही हा गंज ओळखायची. वहिनीनं मापभर पाणी त्यात ओतलं, पाणी जिथवर आलं तिथं आतून खिळ्यानं आडवी रेघ ओढली. करकर आवाज झाला, अंगावर शहारा आला.

"माह्या भावाच्या गंजाला खिळा लावला!" माय ओरडली.

"माप संध्याकाळी द्यायचं हाय, आत्याबाई. पुन्ना लागलं तर कुठं धावायचं?" वहिनीचा हात थांबला नाही. तिनं रेघेच्या थोडं वरपर्यंत पाणी घेऊन ते उकळलं, थाळीत ओतून वारा घालून गार केलं, परत गंजात घेतलं, वरचं चमच्यानं काढून बराबर रेघेवर आणलं आणि मग त्यात पाकीट रिकामं केलं. चव घेतली. अश्रूंएवढं खारट, म्हणाली. चमचा तिनं रूपालीच्या ओठांना लावला.

पोरीनं पहिला चमचा गिळला, दुसरा, तिसरा, आणि सगळं ओकून टाकलं. मायनं माझ्याकडे पाहिलं, सांगितलं नव्हतं का, अशा नजरेनं. वहिनी थोडा वेळ थांबली. पुन्हा चमचा. त्यानंतरचा तास-दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. चमचा गंजाच्या काठाला लागल्याचा तेवढा आवाज. अंगणात हळद वाळत होती आणि मी मनात कबूल करत होते की पुन्हा कधी पहिला नंबर नको, पण ही पोरगी जगू दे.

चारच्या सुमारास रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. वहिनी उठली. "आत्याबाई, चला. हिंगोलीच्या दवाखान्यात दाखवू. सकाळपासून पोरीनं लघवी केली न्हाई." दादाला निरोपही धाडला नाही. माय का आली, हे मला कळलं नाही. बहुधा लेकरू एकटं जाऊ द्यायचं नव्हतं. जीपमध्ये रूपाली मायच्या मांडीवर, वहिनीच्या हातात चमचा, आणि गंज माझ्या मांडीवर, थाळी झाकून फडक्यानं बांधलेला. चमचा भरायचा तेवढं फडकं सोडायचं. खड्डा आला की मी श्वास रोखायचे. बारा-चौदा माणसं कोंबलेली होती, पण वहिनी चमचा काही सोडेना.

नरसीचा फाटा मागे पडला आणि माय एकाएकी किंचाळली. मला वाटलं, संपलं.

"मुतली! मुतली रे बाबा, मुतली!"

तिच्या लुगड्यावर भला मोठा ओला डाग पसरत होता आणि ती तो दोन्ही हातांनी लोकांना दाखवत होती. ड्रायव्हरनं घाबरून गाडी बाजूला घेतली. काय झालं ते कळल्यावर सगळी जीप हसायला लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लुगडं धुऊ नका बाई, वाळवून ठेवा." वहिनी हसत नव्हती. तिनं चमचा गंजात टाकला, पदर तोंडाला लावला आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला उलटंसुलटं तपासलं आणि विचारलं, "पाणी कोणी पाजलं?" मायनं मान खाली घातली, तिला वाटलं आता बोलणी बसणार. "म्या," वहिनी म्हणाली. "बरं केलंत. तसंच चालू ठेवा," एवढं बोलून, चिठ्ठीवर एक गोळी लिहून ते पुढच्या लेकराकडे वळले. वहिनीनं त्यांना परत हाक मारली. गोळी किती दिवस? दूध पाजू ना? पुन्हा कधी आणू? कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं? डॉक्टर जरा वैतागले, पण एकेका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं त्यांना. माय हे सगळं तोंड उघडं टाकून पाहत होती. डॉक्टरलाही परत हाक मारता येते, हे तिनं त्या दिवशी पाहिलं.

अलीकडे आमच्या एका प्रशिक्षणात एक मॅडम सांगत होत्या, की आई शिकलेली असली की लेकरं जगण्याची शक्यता वाढते, गरीब देशांत तर फारच. सगळ्यांनी मान डोलावली, मीही. पण मला वहिनी दिसत होती. नववीच्या कुठल्या पुस्तकात रूपालीची हगवण होती? शाळेनं तिला औषधपाणी शिकवलं नव्हतं. शाळेनं तिला एवढंच शिकवलं होतं, की कागदावर जे छापलंय ते आपल्यासाठीही छापलंय. समजलं नाही तर विचारायचं. मोठं माणूस सांगतंय म्हणून ते बरोबरच असेल असं नाही. तिच्या इयत्तेच्या जवळ मीही पोचले होते आणि मार्क तर जास्तच होते, पण ही गोष्ट माझ्याकडे नव्हती. आता मी दरवर्षी लिटर शिकवताना पोरांना घरून एकेक भांडं आणायला लावते आणि त्यात रेघ ओढायला लावते. काही आया भांडण करायला शाळेत येतात. मला त्यांचं कौतुकच वाटतं.

रूपाली चार दिवसांत उठून बसली. आठव्या-नवव्या दिवशी माय अंगणात हळद वरखाली करत होती, वहिनी निवडत होती, मी नुसती बसले होते. माय हात न थांबवता म्हणाली, "मंग माह्या दोघायले बी पाणीच पायजे व्हतं का गं?"

वहिनीनं हातातली हळद खाली ठेवली.

"थोरला पाणी-पाणी करत व्हता," माय म्हणाली. "म्या मडकं उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवलं. दिसू नये म्हणून."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. वहिनी उठली आणि मायजवळ जाऊन बसली. "तुमी काई चूक केली न्हाई, आत्याबाई. तुमाला कोणी सांगितलंच न्हाई." मग तिनं विचारलं, "त्यांची नावं काय व्हती?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी तर त्यांची सख्खी बहीण. मायनं हळदीचे हात लुगड्याला पुसले. "पोराचं मिलिंद. पोरीचं मंदा." मग ती उठली, आत गेली, गंज घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात खिळा होता. "ह्याच्यावर लिव," ती वहिनीला म्हणाली. 'ताईस भेट'च्या खाली वहिनीनं जपून दोन्ही नावं कोरली. मायनं त्यांच्यावरून बोट फिरवलं, दोनदा, आणि परत हळद वरखाली करायला लागली.

तेव्हापासून त्या गंजात दूध तापलं नाही. तो गावभर फिरला. ज्या घरात लेकराला हगवण, त्या घरात गंज. हलीमाबीच्या सुनेनंही तो नेला, लिटरचं माप घरात असताना, कारण मापात पाणी उकळता येत नाही. घेऊन जायची माय. तिला अजूनही वाचता येत नाही, पाकिटं वहिनीच पाहून देते. पण पाणी कुठवर घ्यायचं हे तिला कोणी सांगावं लागत नाही. जी बाई एकेकाळी माझ्या वहिनीच्या वाचण्याला नाक मुरडायची, तीच आता गावच्या सुनांना दटावते, "बाई, आधी काय लिवलंय ते वाच, मंग फाड." ऐकताना मला हसू येतं. आणि हे वय, हे दुखणारे गुडघे घेऊन ती जे करते त्यापुढे माझं सगळं शिक्षण थिटं वाटतं.

मागच्या रविवारी मी गावी गेले होते. हळद काढायला बाहेरगावची माणसं आली आहेत, वावराच्या कडेला त्यांची पालं पडली आहेत. माय गंज पदराखाली घेऊन निघाली, मी मागोमाग. एका पालाबाहेर अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी मलूल लेकरू घेऊन बसली होती. मायनं तिच्यासमोर बसकण मारली आणि अंगठ्याचं नख आतल्या रेघेवर ठेवलं.

"हितवर पाणी. उकळून गार केलेलं. त्यात अख्खं पाकीट. चमच्या-चमच्यानं द्यायचं. वकलं तर जरा थांब, पुन्ना दे. अंगावरचं दूध तोडू नको. आन् लेकरू मान टाकाया लागलं तर गाडी धर, नवऱ्याची वाट पाहू नको."

पोरगी मान हलवत होती. तिनं गंज हातात घेतला, उन्हात फिरवला आणि अक्षरं जुळवत जुळवत वाचलं, "मिलिंद. मंदा." मग हसून म्हणाली, "वाचता येतं मला, पाचवीपस्तोर शिकले. हे कोण, आज्जी? तुमचे नातवंडं?"

"न्हाई. माही लेकरं," माय म्हणाली. "त्यांच्या वक्ताला ही रेघ नव्हती."

पोरीनं पालापुढच्या चुलीवरचं उकळतं पाणी उतरवलं, गार होऊ दिलं आणि बराबर रेघेपर्यंत गंज भरला.